बब्बर शेरचे दुसरे घर

परवा सातवीच्या वर्गात आम्ही विचारले, "शेर म्हणजे कोण?" अर्धी मुले म्हणाली वाघ, अर्धी म्हणाली सिंह. दोघेही बरोबर! आपल्या घरच्या बोलीत शेर दोघांनाही म्हणतात. सिंहच सांगायचा तर 'बब्बर शेर' म्हणावे लागते. गुजरातेत गीरचे लोक त्याला 'सावज' म्हणतात. मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते जनावर. या राजावर तीही पाळी येऊन गेली आहे.

एकेकाळी आशियाई सिंह इराण-इराकपासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत होता. बंदुका आल्या आणि तो एकेका मुलखातून संपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात उरला तो फक्त गीरच्या जंगलात. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आळा घातला म्हणून बीज वाचले. 1965 मध्ये गीर अभयारण्य झाले. 2015 च्या गणनेत 523 सिंह होते, 2020 मध्ये 674 आणि 2025 मध्ये 891.

ओळखायचा कसा? आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा याची आयाळ विरळ, त्यामुळे कान दिसतात. पोटाखाली कातडीची लांब घडी असते. नर बहुधा माद्यांपासून वेगळे राहतात. मादी साधारण साडेतीन महिन्यांनी विते.

आकडा वाढला, मग काळजी कसली? काळजी अशी, की रानातले हे सगळे सिंह एकट्या सौराष्ट्रात आहेत. 2018 मध्ये गीरच्या पूर्व भागात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांच्यात कुत्र्यांपासून पसरणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले. पण आफ्रिकेत सिंह इतरत्रही होते. आपल्याकडे इतरत्र कोण आहे?

म्हणूनच 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातील कुनोला हलवायला सांगितले. ते अजून गेलेले नाहीत. 2022 मध्ये तिथे आफ्रिकेतले चित्ते आले. बरडा अभयारण्यात आता सिंह दिसतात ही चांगली गोष्ट आहे, पण बरडाही सौराष्ट्रातच.

घरातली शहाणी बाई सगळे दागिने एकाच डब्यात ठेवत नाही. हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग दुसरा डबा कधी आणणार?" आम्ही गप्प राहिलो. वाचकहो, हा प्रश्न आपल्या मुलांसमोरही मांडून पाहा.