तण उपटलं, बी राहिलं

मागच्या महिन्यात एका कार्यात आमच्यातल्याच एकांनी मला बाजूला घेतलं. "ताई, अण्णाच्या आजाराचं फार बोलू नका. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, विषय संपला. पोरीचं लग्न ठरायचंय." चारचौघांत शोभा नको म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही. अण्णाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, विचारूनच लिहितेय.

विषय संपलेला नाही! यकृताचा गाठ असलेला तुकडा डॉक्टरांनी काढला. पण ज्या विषाणूमुळे गाठ झाली तो हेपटायटिस बी उरलेल्या यकृतात तसाच आहे. तण उपटलं, बी जमिनीतच. (इथे 'बी' दोन्ही अर्थांनी लागू पडतं. मास्तरणीची खोड, जात नाही.) या ऑपरेशननंतर पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा गाठ होते. लवकर होते ती बहुतेक वेळा जुन्याच गाठीची पिल्लं. दोन वर्षांनंतरची मात्र पुष्कळदा अगदी नवी असते, विषाणूने पोखरलेल्या यकृतात उगवलेली.

म्हणून ती रोजची एक गोळी. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर. तैवानमध्ये सरकारी विम्याच्या नोंदींवरून साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली छापून आला. सहा वर्षांत पुन्हा गाठ होण्याचं प्रमाण अशा गोळ्या न घेणाऱ्यांत सुमारे ५५ टक्के, घेणाऱ्यांत ४६. मृत्यूचं ४२ आणि २९. म्हणजे गोळी काही कवचकुंडलं नव्हेत, सोनोग्राफी आणि रक्ततपासणीच्या खेपा चुकत नाहीत. पण २९ आणि ४२ मधला फरक कुणाला किरकोळ वाटत असेल तर त्याने माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला यावं.

आमच्या अण्णाने आठव्या महिन्यात गोळी बंद केली. सोनोग्राफी चांगली आली, मग कशाला? वर कुणीतरी सांगितलं, इंग्रजी औषधाने उष्णता होते, गावाकडे काविळीची माळ घालतात ती घाल. अहो, माळ डोक्यावरून खाली उतरते ती तिच्या गाठी सैल होतात म्हणून! आणि अण्णाला कावीळ कधी झालीच नव्हती. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, डोळे पिवळे व्हायची वाट पाहत नाही. गोळी अशी अचानक सोडली की तो उसळतो. तसंच झालं, यकृताला सूज आली.

दोष एकट्या अण्णाचा नाही. इस्पितळातून सोडताना दिलेल्या कागदावर विषाणूबद्दल इंग्रजीत एकच ओळ होती. "ही गोळी आम्ही सांगितल्याशिवाय थांबवायची नाही" हे मराठीतलं साधं वाक्य ऑपरेशननंतरच्या दहा दिवसांत कुणालाच बोलता आलं नाही?

पण त्याहून मोठा राग मला आपल्या कुजबुजीचा आहे. हा रोग एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने होत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. जन्मतः झाला तर दहातल्या नऊ बाळांमध्ये कायमचा मुक्काम करतो. म्हणून जन्मल्यावर २४ तासांत लस. तैवानने ती १९८४ साली सुरू केली आणि तिथे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडे ती देशभर सगळ्या बाळांसाठी यायला २०११ उजाडलं. त्याआधी जन्मलेले आपण सगळे, लग्नाच्या वयाची ती पोरगीसुद्धा, तपासणीवाचूनच वाढलो. लपवायचं म्हणजे तपासायचं नाही, आणि तपासायचं नाही म्हणजे पुढचा अण्णा घरातच तयार करायचा.

२०१८पासून सरकारच्या कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. आम्ही चौघं भावंडं जाऊन आलो. मी आणि मधला निगेटिव्ह, थोरल्या अक्काचं पॉझिटिव्ह आलं. वय ७८, तक्रार काही नाही. तिच्या दोन्ही मुलांना फोन केलाय. एकाने अजून उचललेला नाही.