बससेवा : मर्जी की कर्तव्य?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांच्या प्रवासाविषयी बोलताना आपण बहुधा रेल्वेविषयीच बोलतो. ते स्वाभाविक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. आपली गावे रुळांच्या कडेने वाढली आणि शहरे झाली. लोकलला उशीर झाला की वर्तमानपत्रांत मथळे येतात, डब्यातील गर्दीवर परिसंवाद झडतात. पण स्टेशनचा जिना उतरल्यावर माणूस घरी, शाळेत, कारखान्यात कसा पोचतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. या लेखात मला त्याकडेच आपले लक्ष वेधावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबईत पहिली मोटारबस १९२६ साली धावली आणि १९४७ मध्ये बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. तिची परिवहन सेवा सुरू झाली १९८९ मध्ये. कल्याणची महापालिका १९८३ ची, पण तिच्या बसगाड्या रस्त्यावर आल्या १९९९ मध्ये. म्हणजे एका शहराने सात वर्षे वाट पाहिली, तर दुसऱ्याने तब्बल सोळा! दरम्यान शहरे वाढावयाची थांबली नव्हती. एस.टी.ने जमेल तेवढा भार वाहिला आणि उरलेला रिक्षांनी उचलला. बस आली तेव्हा लोकांना तिच्यावाचून जगण्याची सवय झाली होती.

असे का झाले? माझ्या मते याचे मूळ कायद्यात आहे. आपल्या महापालिका १९४९ च्या अधिनियमानुसार चालतात. त्यातील ६३ व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत : रस्त्यांवरील दिवे, साफसफाई, गटारे, पाणी, प्राथमिक शाळा इत्यादी. ६६ व्या कलमात स्वेच्छाधीन कर्तव्ये आहेत, आणि बससेवा या दुसऱ्या यादीत आहे! म्हणजे रस्ता बांधणे हे कर्तव्य, पण त्या रस्त्यावरून सामान्य माणसाला नेणे ही मर्जी. १९४९ साली हे क्षम्य होते. तेव्हा ठाणे-कल्याणचा माणूस बहुतेक ठिकाणी पायी जाऊ शकत होता. आज घोडबंदर रस्त्यावर स्टेशनपासून मैलोगणती दूर वसाहती उभ्या आहेत. डोंबिवलीची औद्योगिक वसाहतही स्टेशनला लागून नाही. अंतरे बदलली, यादी मात्र बदलली नाही.

जी गोष्ट मर्जीची ती नफ्या-तोट्याच्या तराजूत तोलली जाते. परिवहनाचा अर्थसंकल्प आला की ‘सेवा तोट्यात’ हा मथळा ठरलेला. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून विचारते : रस्त्यावरच्या दिव्यांना नफा किती झाला, असे कोणी विचारतो काय? उड्डाणपुलाचा वार्षिक ताळेबंद कोणी मागतो काय? आमच्या पाठ्यपुस्तकात ‘बाह्य लाभ’ अशी संज्ञा आहे. बस एखाद्या वस्तीपर्यंत जाऊ लागली की तेथील जागेचे भाव वाढतात, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळते, कारखान्याला कामगार मिळतात, रस्त्यावरची दहा वाहने कमी होतात. यातला एकही पैसा वाहकाच्या बॅगेत पडत नाही. मग केवळ बॅग मोजून सेवा तोट्यात आहे असे म्हणणे हे कोणते अर्थशास्त्र?

बेस्टचे उदाहरण आपल्यापुढे नेहमी ठेवले जाते. पण बेस्टच्या बसचा तोटा वर्षानुवर्षे तिच्याच वीजविभागाच्या उत्पन्नातून भरून निघत असे, हे सांगितले जात नाही. ठाणे-कल्याणच्या परिवहनाला अशी कमावती बहीण नाही. बेस्टकडून शिकण्यासारखे दुसरेच काही आहे. जुलै २०१९ मध्ये तिने किमान भाडे पाच रुपयांवर आणले आणि प्रवासी वाढले. मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा रुपये झाले. लोक बसकडे पाठ फिरवितात, हा आरोप म्हणूनच मला पटत नाही. परवडणारी बस वेळेवर आली तर लोक चढतात.

आता प्रश्न गाड्यांच्या संख्येचा. केंद्र सरकारच्या नागरी वाहतुकीच्या मानकांनुसार उत्तम सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे साठ बसगाड्या असाव्यात. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. म्हणजे तेव्हाच साडेसातशे बसगाड्या हव्या होत्या. रोज प्रत्यक्ष रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या याच्या चौथाईपर्यंतही कधी पोचल्या नाहीत. केवळ गाड्या विकत घेऊनही भागत नाही. केंद्राच्या योजनेतून गाड्या आल्या, तेव्हा चालक-वाहकांअभावी कित्येक आगारातच उभ्या राहिल्या.

याची किंमत कोण मोजतो? ज्याच्या दारात मोटार आहे तो नव्हे. ती मोजते चौथ्या सीटवर अंग चोरून बसणारी विद्यार्थिनी, रात्रपाळीहून परतणारा कामगार, गुडघे धरून रिक्षाच्या रांगेत उभी असलेली आजी. महाविद्यालय निवडताना ‘तिथे विषय कोणते आहेत’ याआधी ‘तिथे जायचे कसे’ हा प्रश्न घरात विचारला जातो, आणि मुलीच्या बाबतीत तो अधिक जोराने विचारला जातो. बस नसणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. कित्येकींचे शिक्षण त्यावर ठरते.

रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल, असा आक्षेप काही जण घेतील. मला तो मान्य नाही. रिक्षा गल्लीत शिरते, बस हमरस्त्यावर चालते. दोघींना काम आहे. दुसरा आक्षेप पैशाचा. पुण्याने यावर एक वाट काढली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या वेगवेगळ्या बससेवा २००७ मध्ये एकत्र आल्या आणि तूट ६० व ४० टक्के अशी वाटून घ्यावयाचे ठरले. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. पण तूट ही दोन्ही शहरांची जबाबदारी आहे, हे तत्त्व तरी मान्य झाले. आपल्या जिल्ह्यात प्रवासी रोज एका महापालिकेतून दुसरीत जातो, आणि बससेवा मात्र प्रत्येक पालिकेची निराळी. तिकीट, पास आणि वेळापत्रक तरी एक का असू नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बससेवा ६६ व्या कलमातून ६३ व्या कलमात यावी. तिच्यासाठी अर्थसंकल्पाचा ठरावीक हिस्सा राखून ठेवावा. आणि प्रत्येक थांब्यावर वेळापत्रक लावून ते पाळले जावे. पहिले काम विधिमंडळाचे, दुसरे महापालिकेचे, तिसरे परिवहन समितीचे. आपले काम त्यांना विचारीत राहण्याचे. आपल्यापैकी बरेच जण आता मतदार झालो आहोत. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला गटार आणि पाणी जरूर विचारू या; पण आपल्या थांब्यावर बस किती वाजता येते, हेही विचारू या. त्याला ठाऊक नसेल, तर तेच आपले उत्तर समजावे.