मृतांच्या बाजूने सांगितलेली गोष्ट
१३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. मोंतेविदेओच्या ‘ओल्ड ख्रिश्चन्स’ क्लबचे तरुण रग्बीपटू, त्यांचे मित्र, आप्त आणि विमान कर्मचारी असे ४५ जण त्यात होते. ७२ दिवसांनी जिवंत हाती लागले ते १६. अन्न संपल्यावर त्यांनी मृत सोबत्यांच्या देहांवर गुजराण केली होती आणि पुढे कित्येक वर्षं जगाला तेवढंच आठवत राहिलं.

१९९३ साली हॉलिवूडने यावर ‘अलाइव्ह’ काढला. वाचलेल्यांपैकी नांदो पारादोच्या भूमिकेत इथन हॉक, भाषा इंग्रजी, बर्फ कॅनडातला. स्पॅनिश दिग्दर्शक हुआन आंतोनियो बायोना याला हे मान्य नव्हतं. उरुग्वेची पोरं उरुग्वेच्याच बोलीत बोलतील, यावर तो अडून बसला. एवढ्या खर्चाच्या स्पॅनिश चित्रपटाला पैसा मिळेना. सुमारे दहा वर्षं गेली. अखेर नेटफ्लिक्स पुढे आलं आणि २०२३ मध्ये ‘सोसायटी ऑफ द स्नो’ तयार झाला. नावाजलेला एकही चेहरा नाही. कलाकार बहुतेक उरुग्वे आणि अर्जेंटिनाचे. या हट्टाला दाद द्यायलाच हवी.

चित्रीकरण मुख्यतः स्पेनच्या सिएरा नेवादा पर्वतात झालं. पण पथक प्रत्यक्ष अपघातस्थळीही गेलं. तिथले खरे डोंगर टिपून आणले आणि दृश्यांमागे बसवले. प्रसंग शक्यतो घडले त्याच क्रमाने चित्रित केले, त्यामुळे कलाकारांचं घटत गेलेलं वजन पडद्यावर खरं वाटतं.

चित्रपटाच्या प्रसिद्धीत अशा उपासमारीचं फार कौतुक होतं. त्याहून मोलाचं काम कॅमेरा सुरू होण्याआधी झालं. याच घटनेवरचं पाब्लो व्हिएर्सी यांचं पुस्तक हाताशी असूनही बायोनाने वाचलेल्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, आणि जे परतले नाहीत त्यांच्या घरच्यांनाही गाठलं. सत्यकथेवरचे चित्रपट सहसा वाचलेल्यांपाशीच थांबतात, कारण शौर्य सांगायला तेच उरलेले असतात. इथे निवेदक आहे नुमा तुर्कात्ती, आणि तो ११ डिसेंबरला बर्फातच गेला. दुसऱ्याच दिवशी त्याचे सोबती पारादो आणि कानेसा मदत शोधायला निघाले. त्यांची ती अचाट पायपीट चित्रपटात आहेच, पण नुमाच्या आवाजामुळे ती दोघांची फुशारकी राहत नाही. मागे राहिलेल्यांनी त्यांना काय देऊन पाठवलं, हे कळतं. एकेक जण जातो तेव्हा त्याचं नाव आणि वय पडद्यावर उमटतं. २९ मृत्यू हा नुसता आकडा उरत नाही.

वाचलेल्यांपैकी कार्लितोस पाएझ चित्रपटात स्वतःच्या वडिलांची भूमिका करतो. चित्रकार कार्लोस पाएझ व्हिलारो मुलाच्या शोधात अँडीज पालथा घालत होते. ठावठिकाणा लागल्यावर रेडिओवरून जिवंत असलेल्यांची यादी त्यांनीच वाचली होती. पडद्यावर पन्नास वर्षांनी मुलगा तीच यादी वाचतो, आणि त्यात त्याचं स्वतःचंही नाव आहे.