"कितीला विकला गेला?"

आमच्याच शाळेतून शिकून गेलेल्या, अंबरनाथच्या एका पंचविशीतल्या तरुणाने कॅथलिक धर्म स्वीकारल्याची बातमी शिक्षकांच्या खोलीत आली, तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला. विचारणारे अडाणी नव्हते, आमच्यासारखेच बी.एड. झालेले होते. आम्ही मान खाली घालून हजेरीपट तपासत बसलो. त्या गप्प बसण्याचा जाब आज आम्ही स्वतःलाच विचारत आहोत.

विकला गेला म्हणणाऱ्यांनी निदान माहिती तरी घ्यावी. कॅथलिक चर्च प्रौढ माणसाला आला तसा बाप्तिस्मा देत नाही. आधी धर्मशिक्षण, मग त्याच्या निश्चयाची पारख. यात महिनोन् महिने जातात. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी रंगवणाऱ्यांना हे कोण सांगणार? श्रद्धेच्या बाबतीत कुणावर सक्ती नको, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली जाहीर केले. सूरा बकराची 256 वी आयत हेच चौदाशे वर्षांपूर्वी सांगून गेली. आम्ही ती व्यासपीठावर सांगतो आणि घरी विसरतो.

उल्हासनगर हे सिंधमधून उखडून आलेल्या माणसांचे शहर. त्याच सिंधमधील हैदराबादेत शिक्षक म्हणून गेलेले बंगाली ब्राह्मण ब्रह्मबांधव उपाध्याय 1891 साली, वयाच्या तिशीत, कॅथलिक झाले. म्हणून त्यांचा देश सुटला का? 1907 साली मृत्यू आला तेव्हा इंग्रज सरकारचा राजद्रोहाचा खटला त्यांच्यावर चालू होता. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली प्रोटेस्टंट ख्रिस्ती झाले. मराठी कविता त्यांना परकी झाली का?

कुणी इस्लाम स्वीकारला की आम्ही मिठाई वाटतो. 2018 साली हादियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तीचा निर्णय तिचाच मानला, तेव्हा आम्हाला आनंद झाला. धर्मांतरविरोधी कायद्यांपुढे आम्ही घटनेचे 25 वे कलम ठेवतो. मग ते कलम काय फक्त आत येणाऱ्यांसाठी आहे?

त्या तरुणाच्या अब्बांना "पोराला घराबाहेर काढा, हिस्सा देऊ नका" असे सांगणारे पुष्कळ निघाले. धर्म बदलल्याने वारसाहक्क जाऊ नये म्हणून या देशात 1850 सालीच कायदा झाला, हे त्यांच्या गावीही नाही.

आम्हाला दुःख झाले नाही असे नाही. पण एक माणूस गेल्याने ढासळेल इतका आमचा इस्लाम कच्चा नाही. खरी बोच वेगळीच आहे. आठवीत असताना या मुलाने वर्गात एक शंका विचारली होती. "असले प्रश्न विचारू नयेत," म्हणून आम्हीच त्याला खाली बसवले. तो खाली बसला. त्याचा प्रश्न बसला नाही.

बंधू-भगिनींनो, येत्या ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत. त्याला परत आणायला नव्हे, त्याचा प्रश्न ऐकायला. ज्यांना यायचे असेल त्यांनी सोबत यावे.