केसभर प्रगती

अगदी थोडे, अगदी सूक्ष्म असे काही सांगायचे झाले की आपण मराठीत 'केसभर' म्हणतो. केसभर म्हणजे केसाच्या जाडीएवढे, असे मी वीस वर्षे वर्गात सांगत आले. पण गेल्या तीन वर्षांत मला या शब्दाचा निराळाच अर्थ उमगला आहे. केसभर म्हणजे एक केस महिन्याभरात वाढतो तेवढे!

त्याचे असे झाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला. आठ दिवस ताप, चार दिवस इस्पितळ, शेजाऱ्यांनी आणून दिलेला पपईच्या पानांचा रस, सारे यथासांग पार पडले आणि गौरी-गणपतीला मी मोदक वळण्याइतकी बरी झाले. संकट टळले असे आम्ही सर्वांनी धरून चाललो. पुढे नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाईंनी रीतीप्रमाणे माझ्या डोक्याला तेल घातले, आणि त्यांचा हात मध्येच थांबला. बोटांत माझ्या केसांचा पुंजका आला होता. तो मुठीत लपवून त्यांनी पुन्हा तेल चोळले. दुसरा पुंजका आला.

"थंडी पडायला लागली की गळतात जरा," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

वाचकहो, माझे रूप बेताचे, उंची बेताची आणि बुद्धी एम.ए. होण्यापुरती. देवाने हात सैल सोडून दिले ते एवढे केसच. कमरेखाली चार बोटे माझी वेणी येई. कॉलेजातली मुले पाठीमागे मला 'शेपटा मॅडम' म्हणत. ते मला ठाऊक होते आणि, आता सांगायला हरकत नाही, आवडतही होते.

महिन्याभरात त्या शेपट्याची उंदराची शेपटी झाली. मी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या अगदी शांत होत्या. त्यांनी सांगितले ते असे : माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग तीनएक महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा या व्यवहाराचाच भाग. मोठा ताप आला की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मुळे जिवंत असतात. केस परत येतात.

"किती दिवसांत?" मी विचारले.

"महिन्याला एक सेंटिमीटर. फार तर सव्वा."

"आणि ते लवकर वाढायला?"

"नीट जेवा, रक्तातलं लोह तपासून घ्या, आणि धीर धरा."

पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या.

उरलेले केस मी कानाबरोबर कापून घेतले. आमचे हे बँकेत आहेत. त्यांनी माझी समजूत आपल्या परीने घातली. "हे रिकरिंग डिपॉझिट समज. महिन्याला सव्वा सेंटिमीटर म्हणजे वर्षाला पंधरा. फक्त मुदतीपूर्वी मोडायचं नाही!" मी शिवणाच्या मशीनमधली टेप काढली आणि दर पहिल्या तारखेला मोजणी सुरू केली. पहिल्या महिन्यात एक सेंटिमीटर भरले. दुसऱ्या महिन्यात अर्धा. तिसऱ्या महिन्यात केस चक्क अर्ध्या सेंटिमीटरने आखूड झाले! मी टेप वेगळ्या बटेवर धरली होती हे कन्येने दाखवून दिले, पण तो सबंध दिवस माझा वाईट गेला.

दरम्यान घरात तेलाच्या बाटल्यांची रांग लागली. माका, ब्राह्मी, जास्वंद, आवळा. ज्याने त्याने आपापली बाटली आणून दिली आणि महिन्याने हिशेब विचारला. तेलाने केस मऊ राहतात, तुटत नाहीत. वाढीचा वेग मात्र मुळाशी ठरतो, तिथे बाटलीचे काही चालत नाही. टोके कापली की केस जोमाने वाढतात, हेही तसेच. फाटे फुटलेली टोके छाटावीत हे खरे, नाही तर वर वाढते तेवढे खाली तुटते. पण केस म्हणजे गुलाबाचे झाड नव्हे.

खरे सांगू का? केस आखूड असण्याचे दुःख फार नाही. केस लांब असले तर प्रश्नच नाही. हाल होतात ते मधल्या केसांचे. ते कानामागे राहत नाहीत, रबरात मावत नाहीत, मानेवर टोचतात, फळ्याकडे वळले की डोळ्यांत येतात. तुळशीबागेतला चापवाला मला ओळखू लागला. एकदा त्याने हळूच गंगावन पुढे केले. मी घेतलेही, पण जोडायला मुळात अंबाडा तरी हवा! लग्नकार्यात बायका आवाज खाली आणून विचारीत, "काही मोठं दुखणं होतं का हो?" नाही म्हटले तरी त्या माझ्या पाठीवरून हात फिरवीत. घरी येऊन मी आरशापुढे उभी राही आणि मला वाटे, ही बाई मी नव्हे.

२०२४ च्या संक्रांतीच्या सुमारास मी हरले. चौदा महिने झाले होते आणि केस जेमतेम खांद्याला लागत होते. पुन्हा कानाबरोबर कापून टाकावे आणि या उठाठेवीतून सुटावे, म्हणून मी केस कापायला जाऊन बसले. तिथल्या मुलीने कात्री हातात घेण्यापूर्वी माझे केस गोळा करून वर धरले आणि मान उघडी केली. त्या गार स्पर्शाने मला एकाएकी आमच्या आत्याआजीची आठवण झाली.

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. वाईच्या वाड्यात माजघरातली एक खोली तिची. १९८८-८९ साली, मी आठ-नऊ वर्षांची असताना, सुटीत तिचे केस विंचरण्याचे काम माझ्याकडे असे. पांढरे, विरळ केस. त्यांचा सुपारीएवढा अंबाडा होई. पंधराव्या वर्षी ती विधवा झाली आणि तिचे केस उतरवले गेले. मुंबईत १८९० साली न्हाव्यांनी सभा भरवून विधवांवर वस्तरा चालवायचा नाही असे ठरवले होते, हे मी आता वर्गात शिकवते. आमच्या घरात ते पोहोचायला पन्नास वर्षे लागली. १९४० साली आजोबांनी दारात आलेल्या न्हाव्याला पैसे देऊन परत पाठवले आणि पुन्हा येऊ नको म्हणून सांगितले.

"मग तू काय केलंस?" मी तिला विचारले होते.

"काय करणार? केस यायची वाट बघितली. दोन बोटं वाढले की ताठ उभे राहायचे, पदर वर उचलायचे. सोवळ्यातल्या बायका माझ्या हातचं पाणी घेईनात, का तर हिला केस आले. आणि हळदीकुंकवाला तर कुणी बोलावत नव्हतंच. ना इकडची ना तिकडची अशी चार वर्षं काढली बघ."

"मोजायचीस का गं?"

"छे! आरसा होता कुठे? एके दिवशी धुण्याला वाकले तर बटा तोंडावर आल्या. मग मागे गाठ मारली आणि पदर घेतला. कुणाला दिसली नाही. पण मानेला वजन कळतं ना!"

त्या वयात मला यातले काही समजले नव्हते. खुर्चीत बसून, ओल्या मानेने, ते मला समजले. तिच्या चार वर्षांपुढे माझे चौदा महिने काय होते? माझ्या हातचे पाणी सगळे घेत होते. चारचौघींत नाव घेऊन मला बोलावणे येत होते. "फक्त फाटे छाट," मी त्या मुलीला म्हटले आणि घरी आले.

टेप मी मशीनच्या खणात परत टाकली. यांच्या हिशेबाच्या वहीतून माझे खाते बंद करायला लावले. मधल्या केसांवर रागावणे सोडून त्यांना जे जमेल ते करू दिले. आधी दोन्हीकडे चाप, मग घरात असताना दोन इटुकल्या वेण्या, मग मानेशी सैल खोपा. दाते विरळ असलेली फणी, घट्ट रबराला रजा, तीन महिन्यांनी टोकांची छाटणी. याहून निराळे मी काही केले नाही. विचारणाऱ्या बायकांना मी उत्तर द्यायला शिकले, "हो, डेंग्यू झाला होता. आता वाढताहेत." त्या चार शब्दांनंतर कुणी पाठीवरून हात फिरवीत नाही असा माझा अनुभव आहे.

यंदा, म्हणजे २०२५ च्या नवरात्रातली गोष्ट. तिसऱ्या तासाला जाण्याची घाई होती, उकडत होते. हातात खडू घेण्यापूर्वी मी सवयीने केस पिळून वर गुंडाळले आणि वर्गात शिरले. फळ्यावर तारीख लिहिताना ध्यानात आले, चाप नाही, पिन नाही, आणि तरी अंबाडा राहिला आहे! लिंबाएवढाच असेल. केस अजून पाठीच्या मध्यापर्यंतच आहेत. कमर दूर आहे, आणि या वयात ती गाठली जाईलच असेही नाही. मुलांना काही दिसले नाही. ती वही उघडून बसली होती. पण माझ्या मानेला वजन कळले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घराघरांत उटणे भिजलेले असेल. सासूबाईंनी तेलाची वाटी आताच घासूनपुसून ठेवली आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मुठीत लपवले ते पुंजके मी पाहिले होते, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. यंदा पाटावर बसल्यावर सांगणार आहे.