नाच बसवणाऱ्याचे नाव

डिसेंबर-जानेवारीत वारणा खोऱ्यातल्या कोणत्याही शाळेच्या गॅदरिंगला जा, ‘नटरंग’मधले ‘अप्सरा आली’ एकदा तरी वाजतेच. मुली नऊवारीत येतात आणि एकेक स्टेप चोख करतात. संगीत अजय-अतुलचे, पडद्यावर सोनाली कुलकर्णी, दिग्दर्शक रवी जाधव, हे पालकही सांगतील. ‘नटरंग’ची मूळ कादंबरी आपल्या कागलच्या आनंद यादवांची, हे तर कोल्हापूरकर अभिमानाने सांगतो. पण तो नाच फुलवा खामकर यांनी बसवला, हे गॅदरिंगचा नाच बसवणाऱ्या शिक्षकांनाही क्वचितच ठाऊक असते.

हे दुखणे जुने आहे. कोल्हापूरच्या मातीतल्या व्ही. शांताराम यांनी 1955 साली ‘झनक झनक पायल बाजे’ काढला. अख्खा चित्रपट नृत्यावर उभा, आणि ते नृत्य गोपीकृष्ण यांचे. फिल्मफेअरने त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कलादिग्दर्शन आणि ध्वनी असे पुरस्कार दिले. नृत्यदिग्दर्शनाचा विभागच नव्हता! तो 1989 साली आला, आणि पहिला मान ‘तेजाब’मधल्या ‘एक दो तीन’साठी सरोज खान यांना मिळाला. पुढची दोन वर्षेही त्याच; त्यातला एक पुरस्कार ‘सैलाब’मधल्या कोळी वेशातल्या नाचासाठी. ऑस्करचा इतिहास याहून आखूड. 1935 ते 1937 अशी तीनच वर्षे तिथे नृत्यदिग्दर्शनाला पुरस्कार होता, मग तो बंद झाला. म्हणूनच 2023 मध्ये ‘नाटू नाटू’ गाजले तेव्हा ऑस्कर संगीतकार आणि गीतकार घेऊन आले. ती पावले रचणाऱ्या प्रेम रक्षित यांची दखल आपल्या राष्ट्रीय पुरस्काराने घेतली.

आपल्या राज्य चित्रपट पुरस्कारांत नृत्यदिग्दर्शनाचे पारितोषिक आहे आणि ते रंजन साळवी यांच्या नावाने दिले जाते, ही समाधानाची गोष्ट. प्रश्न पुढचा आहे: पुरस्कार देताना नेमके पाहायचे काय? गाणे गाजले म्हणून नृत्यदिग्दर्शन चांगले, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. नटीच्या लोकप्रियतेवर किंवा सेटच्या झगमगाटावर तर मुळीच नाही.

रंगमंचावर प्रेक्षकाची नजर मोकळी असते. पडद्यावर ती कॅमेरा नेईल तिकडे जाते. लावणीत तर खरी कसोटी इथेच लागते. ढोलकीचा तोडा सुरू असताना घुंगरू त्याला उत्तर देत असतात; त्या क्षणी चौकट खांद्यापर्यंत आली, तर अर्धी लावणी गेली. उलट अदा करायची ओळ आली की पावले थांबतात आणि डोळे, भुवई, पदराचे टोक बोलू लागतात. तिथे लांबून घेतलेल्या शॉटचा उपयोग नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर बसून नुसत्या अदेवर लावणी रंगवत. पायाला कुठे जागा द्यायची आणि चेहऱ्याला कुठे, हे ठरवणे हेच पडद्यावरचे नृत्यदिग्दर्शन. परीक्षकांनी हे तपासावे, आणि तेही रीलमधला तुकडा पाहून नव्हे, तर चित्रपटात गाणे जिथे येते तिथे ते पूर्ण पाहून. निवडीचे कारण चार ओळींत लिहून जाहीर केले, तर शिकणाऱ्या पोरांना त्यातून धडा मिळेल.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. तालमीत रात्र-रात्र मोजणी करून घेणारे सहायक प्रवेशिकेत कुठे दिसतात? ज्या फडातल्या बाईंकडून एखादी गिरकी उचलली, त्यांचे नाव? तात्यासाहेब कोरे यांच्या वारणेत मुलांच्या हाती वाद्ये आली आणि वारणा बालवाद्यवृंद नावारूपाला आला. नाचणाऱ्या मुलांच्या वाट्याला मात्र अजून वर्षातून एकदाचे गॅदरिंगच येते. त्यांना निदान नावे तरी कळू देत.

येत्या अंकापासून या मासिकात ज्या गाण्याविषयी लिहिले जाईल, त्याखाली नृत्यदिग्दर्शक, सहायक आणि मूळ शिकवणारी व्यक्ती, अशी तिन्ही नावे छापली जातील. वाचकांनी आपापल्या कामांची नावे या क्रमाने लिहून पाठवावीत. गॅदरिंगचे नाच बसवणाऱ्या शिक्षकांनीसुद्धा.