वॅट किती, ते स्पीकरला विचारा

गेल्या दिवाळीत माझ्या घरी नवे स्पीकर आले आणि पंधरा दिवसांत तीन सल्ले मिळाले. मांडवाचं साउंड लावणारा माझा मावसभाऊ म्हणाला, “दादा, स्पीकर शंभर वॅटचा हाय ना? मग ॲम्प दोनशेचा घे, कमी घेशील तर स्पीकर जाईल.” पुण्यातल्या एका दुकानात सांगितलं गेलं की या स्पीकरचा आवाज ‘उबदार’ आहे, त्याला अमुक एका कंपनीचा ‘उजळ’ ॲम्पच जोडायला हवा, नाहीतर जोडी जमत नाही. आणि नाट्यसंगीताचा शौकीन असलेला एक जुना मित्र बजावून गेला की वेगळा प्रीॲम्प नसेल तर त्याला हायफाय म्हणूच नये. तिघेही आपुलकीनं बोलले. पण या तीन समजुतींपायी आमच्या पाटस-दौंडकडची कष्टाची कमाई वाया जाताना मी पाहिली आहे, म्हणून त्यांचं खंडन मला उघडपणे करायचं आहे.

मावसभावाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो त्याच्या जागी खरा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरसमोर १ मीटरवर जेवढा आवाज असतो, तो २० मीटरवर बसलेल्या पाहुण्यापर्यंत २६ डेसिबलनं कमी होऊन पोचतो. तेवढी तूट भरून काढायला ४०० पट ताकद लागते. नागेश्वराच्या देवळापुढच्या पटांगणात कार्यक्रम असेल, तर ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या ओळीनं लावलेला त्याचा जड ॲम्पच हवा. त्यात वाद नाही.

पण माझी खोली १२ बाय १४ फुटांची आहे आणि खुर्ची स्पीकरपासून अडीच मीटरवर. स्पीकरच्या कागदावर लिहिलंय: संवेदनशीलता ८६ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. अडीच मीटरपर्यंत येताना ८ डेसिबल गेले. दोन स्पीकर आहेत म्हणून ३ परत आले, भिंती आवाज परतवतात म्हणून आणखी सुमारे ३. राहिले ८४. घरात मन लावून गाणं ऐकताना सरासरी आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे बहुतेक वेळ माझा ॲम्प वॅटच्या आठव्या हिश्श्यावर चालतो! आता पखवाजावर थाप पडली किंवा टाळ एकदम वाजले की आवाज क्षणभर उसळतो. ही उसळी २० डेसिबलची धरली तरी ९५ डेसिबल होतात आणि त्याला १३ वॅट पुरतात. ५० वॅटचा ॲम्प घेतला तर वर चांगली ६ डेसिबलची मोकळीक उरते. ५० ऐवजी १०० घेतला तर पदरात पडतात फक्त ३ डेसिबल. दुप्पट पैसे मोजून कानाला दुप्पट आवाज मिळत नाही. दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

मावसभावाची भीती मात्र निराधार नाही. कमी ताकदीचा ॲम्प त्याच्या कुवतीपलीकडे पिळला की लहरीचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि ट्वीटरची नाजूक कॉइल जळते. म्हणून गरज मोजून, वर थोडी मोकळीक ठेवून ॲम्प घ्यायचा. स्पीकरच्या मागच्या पाटीवरचा १०० हा आकडा सहनशक्तीचा आहे. पोत्याला क्विंटलभर माल सोसतो म्हणून रोज क्विंटलभर भरावाच लागतो असं नाही. आणि वॅट वाचताना आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, वाचा. एके काळी म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर हजारांत छापलेले पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, आकडे हा ग्राहकाशी केलेला धडधडीत खोटेपणा होता, आणि त्याला खोटेपणाच म्हटलं पाहिजे.

आता ‘उबदार’ आणि ‘उजळ’ यांच्या लग्नाची गोष्ट. १९७८ साली इंग्लंडात क्वाड कंपनीच्या तीन ॲम्पची परीक्षा झाली. एक १९५३ चा व्हॉल्व्हचा, दोन नंतरचे ट्रान्झिस्टरचे. ऐकायला हायफायवर लिहिणारी जाणकार मंडळी बसली होती. आवाजाची पातळी समान केली आणि कोणता ॲम्प चालू आहे हे झाकून ठेवलं, तेव्हा त्यांची उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी निघाली. दुकानात फरक ऐकू येतो, कारण तिथे पातळी समान केलेली नसते. अर्धा-एक डेसिबल मोठा वाजणारा ॲम्प आपल्या कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो.

म्हणजे जोडी जमवणं हे थोतांड आहे का? मुळीच नाही. जोडी असते, पण ती ओहममध्ये जुळवायची असते, कंपनीच्या नावात नाही. माझ्या स्पीकरवर ८ ओहम लिहिलंय, पण तो एक सरासरी आकडा आहे. काही सुरांना तो ४ पर्यंत उतरतो. ५० वॅटचा ॲम्प ८ ओहमला २० व्होल्ट आणि अडीच ॲम्पिअर देतो. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टला त्याच्याकडून ५ ॲम्पिअर मागितले जातात. ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय मजबूत असेल तर तो देतो, नसेल तर नेमक्या पखवाजाच्या धुमेच्या जागी दमतो. म्हणून विकत घेताना विचारायचा प्रश्न एकच: ४ ओहमला हा किती वॅट देतो? ज्या ॲम्पच्या कागदावर हे उत्तरच नाही, तो मी घरात आणणार नाही. काही व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त असतो. मग स्पीकरचे ओहम जसे वरखाली होतात तसा सुरांचा तोलही हलतो. तिथे फरक खरोखर ऐकू येतो आणि तो कुणाला आवडला तर माझी हरकत नाही. मात्र त्याचं कारण मीटरवर दिसतं, त्याला गूढ म्हणायची गरज नाही.

प्रीॲम्पबद्दल थोडक्यात. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल संगीताचं विद्युत लहरीत रूपांतर करणारं यंत्र) २ व्होल्ट देतो. बहुतेक पॉवर ॲम्प पूर्ण जोरानं वाजायला १ व्होल्टच्या आसपास मागतात. मग वाढवायचं काय राहिलं? अशा घरात प्रीॲम्पचं बटण बहुतेक वेळ आवाज कमीच करत असतं, आणि ते काम इंटिग्रेटेड ॲम्पमधला, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच खोक्यात असलेल्या ॲम्पमधला, व्हॉल्यूम तितकंच नीट करतो. मित्राचं म्हणणं जिथून आलं ती जागा मला ठाऊक आहे. त्याच्याकडे वडिलांच्या एचएमव्हीच्या तबकड्या आहेत. मूव्हिंग मॅग्नेटची सुई जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते. शिवाय तबकडी कोरताना खर्ज दाबलेला आणि तार सूर उचललेले असतात, ते १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार उलटे सरळ करावे लागतात. त्याला फोनो प्रीॲम्प हवाच, आणि चांगला हवा. पॉवर ॲम्प दूर स्पीकरजवळ ठेवून लांब वायर ओढायची असेल तरीही प्रीॲम्प कामाचा. पण घेतलाच तर एक नियम पाळा: पॉवर ॲम्पचा इनपुट रोध प्रीॲम्पच्या आउटपुट रोधाच्या किमान दहापट असू द्या. हे न पाहता महागडा व्हॉल्व्ह प्रीॲम्प १० किलोओहमच्या ॲम्पला जोडला, तर खर्ज पातळ होतो आणि माणूस बिचाऱ्या स्पीकरला दोष देतो.

मी ५० वॅटचा, ४ ओहमला ८५ वॅट देणारा इंटिग्रेटेड घेतला. वाचलेल्या पैशांत घराचं अर्थिंग नव्यानं करून घेतलं, स्पीकरसाठी लोखंडी स्टँड बनवले, शहाबादी फरशीवर जाड सतरंजी अंथरली आणि समोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं. त्या सतरंजीनं तानपुऱ्याच्या आवाजात जो फरक पडला, तो मी ऐकलेल्या कोणत्याही दोन धडधाकट ॲम्पमध्ये ऐकलेला नाही. रात्री सोलापूर हायवेवरचे ट्रक कमी झाले की मल्लिकार्जुन मन्सूरांचा श्वास घेतलेलाही ऐकू येतो. हे मिळवायला दोनशे वॅट लागले नाहीत.

ज्यांना हे पटत नाही त्यांना माझं मनापासून निमंत्रण आहे. आपला ॲम्प घेऊन पाटसला या. दोन्ही ॲम्पचा आउटपुट आपण स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून समान करू, मध्ये पडदा टाकू आणि गाणं तुमच्या पसंतीचं लावू. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलंत, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.